लिनक्समध्ये ड्रायव्हरसाठी ६४ एमबी सलग फिजिकल मेमरी कशी राखून ठेवायची?

तुमचा प्रश्न असा: १ जीबी रॅमचा एआरएम बोर्ड आहे, कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरला ६४ एमबी सलग फिजिकल मेमरी हवी आहे आणि केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) ती देत नाही. मग बूटच्या ओळीत ‘मेम=९६०एम’ लिहून वरची ६४ एमबी कर्नलपासून लपवावी आणि आयओरीमॅपने (फिजिकल पत्ता ड्रायव्हरला वापरता येईल असा मॅप करणारं फंक्शन) वापरावी का?

कृपया तसं करू नका. बूटची ओळ एकीकडे आणि ड्रायव्हरमधला पत्ता दुसरीकडे राहतो. उद्या कोणी ती ओळ बदलली, की कॅमेरा सरळ कर्नलच्या मेमरीवर चित्रं लिहायला लागेल. डीएमए (उपकरणाने सीपीयूशिवाय थेट मेमरीत लिहिणं) कोणाला विचारून लिहीत नाही, आणि असा बिघाड शोधताना जीव जातो.

केमॅलॉक का देत नाही ते आकड्यांतच दिसतं. १९२० गुणिले १०८० ची, पिक्सेलला ४ बाइटची एक फ्रेम म्हणजे ८२,९४,४०० बाइट, म्हणजे ४ केबीची बरोबर २०२५ पानं (कर्नल मेमरी अशा तुकड्यांत वाटतो). केमॅलॉकला पानं पुरवणारा बडी अ‍ॅलोकेटर नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये एका वेळी जास्तीत जास्त १०२४ सलग पानं देतो. म्हणजे ताज्या बूटनंतरसुद्धा एक फ्रेम मिळणार नाही.

आधी एक बघा: तुमच्या कॅमेऱ्याच्या डीएमएला स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या तुकड्यांत लिहिणं) येतं का, किंवा त्याच्यापुढे आयओएमएमयू (विखुरलेली पानं उपकरणाला सलग भासवणारं हार्डवेअर) आहे का? असेल तर सलग मेमरीची गरजच नाही.

नसेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं कर्नलला दिलेलं वर्णन) ‘रिझर्व्ह्ड-मेमरी’ नोड लिहा. ठरवायचं एवढंच, की त्या मेमरीला आणखी कोण हात लावणार.

फक्त तुमचाच कॅमेरा असेल तर ‘शेअर्ड-डीएमए-पूल’ आणि सोबत ‘रीयूजेबल’. यालाच सीएमए (कंटिग्युअस मेमरी अ‍ॅलोकेटर, म्हणजे सलग मेमरी देणारी कर्नलची सोय) म्हणतात; सॅमसंगच्या इंजिनिअरांनी केलेलं हे काम २०१२ मध्ये ३.५ कर्नलमध्ये आलं. कॅमेरा बंद असताना तीच पानं पेज कॅशसारख्या (फाइलींच्या मेमरीतल्या प्रती) हलवता येणाऱ्या कामांना मिळतात आणि तुम्ही मागितली की कर्नल ती रिकामी करून देतो. मात्र या हलवाहलवीला वेळ लागतो, आणि एखादं पान कोणी पिन करून, म्हणजे हलवता येणार नाही असं, ठेवलं असेल तर मागणी फसूही शकते. म्हणून मी बफर (एकेका फ्रेमची जागा) प्रोबमध्येच (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाताना चालणारं फंक्शन) घेतो आणि धरून ठेवतो, दर फ्रेमला मागत नाही.

डीएसपी (वेगळा सिग्नल प्रोसेसर) किंवा सिक्युअर फर्मवेअरही तीच मेमरी वापरत असेल तर ‘नो-मॅप’. मग कर्नल ती आपल्या नेहमीच्या मॅपिंगमध्ये घेतच नाही, त्यामुळे सीपीयूची स्पेक्युलेटिव्ह (अंदाजाने आधीच केलेली) वाचनंही तिकडे जात नाहीत. तेवढी मेमरी मात्र कायमची गेली. ‘रीयूजेबल’ आणि ‘नो-मॅप’ एकत्र चालत नाहीत.

पुढे कॅमेऱ्याच्या नोडमध्ये ‘मेमरी-रीजन’ने हा नोड जोडा आणि प्रोबमध्ये ‘ऑफ_रिझर्व्ह्ड_मेम_डिव्हाइस_इनिट’ बोलवा. हे बोलवायचं बरेच जण विसरतात. एरर येत नाही. ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ (डीएमएसाठी बफर मागायचं फंक्शन) गुपचूप सर्वांच्या सामायिक सीएमएमधून मेमरी देतं, आणि दुसऱ्या ड्रायव्हरने ती संपवली की मगच कळतं.

आठ बफर घेणार असाल तर ६४ एमबीत ते जेमतेम बसतात, ८० एमबी ठेवा. बूट झाल्यावर डीमेसेजच्या (कर्नलच्या संदेशांच्या) सुरुवातीला ‘क्रिएटेड सीएमए मेमरी पूल’ ही ओळ शोधा आणि मेमइन्फोमध्ये ‘सीएमएटोटल’ बघा. ओळ नसेल तर आधी नवी डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार फाइल) खरंच बोर्डावर चढली आहे का ते तपासा, मग कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_डीएमए_सीएमए’ चालू आहे का ते.