वाचकांचे प्रश्न : परमुलखातली वाट आणि ती सांगणारी माणसे

गेल्या महिन्यात एका वाचकाच्या पत्राला उत्तर देताना परदेशात रस्ता विचारण्याचा विषय ओझरता आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयासाठी राखून ठेवावे लागले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून ती सहा प्रश्नांत मांडली आहेत.

प्रश्न : मुलीकडे टोकियोला दोन महिने राहून आलो. तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. एकदा पत्त्याचा कागद एका दुकानदाराला दाखवला, तर त्यालाही चटकन काही सांगता येईना. शेवटी त्याने आतून कागद-पेन्सिल आणून नकाशाच काढायला घेतला. ही माणसे एकमेकांना रस्ता सांगतात तरी कशी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या दुकानदाराने केले ते तिथल्या रिवाजाला धरूनच होते. आपल्या मनात पत्ता म्हणजे आधी रस्ता आणि मग त्या रस्त्यावरचा घर क्रमांक असे चित्र असते. जपानमध्ये नाव आणि क्रमांक मिळतो तो रस्त्याला नव्हे, तर चार रस्त्यांनी वेढलेल्या जमिनीच्या तुकड्याला. रस्ता म्हणजे दोन तुकड्यांमध्ये उरलेली मोकळी जागा. त्यामुळे पत्ता मोठ्याकडून लहानाकडे येतो : शहर, विभाग, मोहल्ला, त्यातला ‘चोमे’ नावाचा पोटभाग, मग तुकड्याचा क्रमांक आणि शेवटी इमारतीचा. जुन्या पद्धतीत हे क्रमांक जमिनीच्या नोंदणीच्या ओघाने पडत गेले आणि भूखंडांची विभागणी होत राहिली, तसे एका क्रमांकाशेजारी भलताच क्रमांक दिसू लागला. हा गोंधळ आवरण्यासाठी १९६२ साली कायदा झाला आणि अनेक शहरांत क्रमांकांना शिस्त आली. मात्र सगळीकडे नाही. म्हणून तिथला माणूस पाहुण्याला नुसता पत्ता देऊन थांबत नाही. स्थानकाच्या कितव्या दारातून बाहेर पडायचे, कोणत्या सिग्नलला वळायचे, कोपऱ्यावर कोणते दुकान लागेल, हे तो सांगतो किंवा सरळ चितारून देतो. तेही जमले नाही तर नाक्यावरची ‘कोबान’ म्हणजे पोलिसांची छोटी चौकी असतेच. परिसराचा नकाशा उलगडून वाटसरूला वाट दाखवणे हे तिथल्या शिपायाचे नित्याचे काम आहे.

पुण्याच्या पेठांत वाढलेल्या वाचकांना यात फार नवल वाटू नये. सदाशिव पेठेतला चार आकडी घर क्रमांक पेठेचा असतो, गल्लीचा नसतो, आणि तो हातात घेऊन ओळीने घरे मोजत गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत मोजतच राहतो. तिथे कामाला येतो तो पत्र्या मारुती नाही तर भिकारदास मारुती.

जपानच्या क्योतोमध्ये मात्र रस्त्यांना नावे आहेत. हे शहर आठव्या शतकाच्या अखेरीस चौकटीवर आखले गेले आणि राजवाडा उत्तरेला ठेवला गेला. आजही तिथे उत्तरेकडे जाणे म्हणजे ‘आगारु’, वर चढणे, आणि दक्षिणेकडे जाणे म्हणजे ‘सागारु’, खाली उतरणे. कोणत्या दोन रस्त्यांचा चौक आणि तिथून वर की खाली, एवढ्यावर पत्ता पुरा होतो. रस्त्यांच्या नावांचा क्रम ध्यानात राहावा म्हणून मुलांना एक गाणेही शिकवतात. पुढच्या खेपेस मुलीबरोबर तिकडे जरूर जाऊन या. टोकियोत झालेली दमणूक तिथे भरून निघेल.

प्रश्न : निकाराग्वा देशाच्या राजधानीत आता अस्तित्वात नसलेल्या झाडावरून पत्ते सांगतात असे वाचले. ही थट्टा आहे की खरी गोष्ट? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अगदी खरी गोष्ट आहे. मानाग्वा शहराचा मध्यभाग २३ डिसेंबर १९७२ रोजी मध्यरात्र उलटल्यावर झालेल्या भूकंपात कोसळला आणि तो पूर्वीसारखा पुन्हा कधीच उभा राहिला नाही. पण पत्ते आधीपासून खुणांवरून सांगितले जात असल्यामुळे खुणा गेल्या तरी पत्ते तसेच राहिले. ‘जिथे ते छोटे झाड होते तिथून एक चौक तलावाकडे आणि दोन चौक खाली’ असा पत्ता तिथे रीतसर पाकिटावर लिहितात आणि टपाल पोहोचतेही. यातले ‘तलावाकडे’ म्हणजे उत्तरेला, कारण सोलोत्लान तलाव शहराच्या उत्तरेस आहे. ‘वर’ म्हणजे सूर्य वर येतो ती पूर्व आणि ‘खाली’ म्हणजे पश्चिम. चढ-उताराशी त्यांचा संबंध नाही, हे ठाऊक नसलेला प्रवासी टेकडी शोधत बसतो. शेजारच्या कोस्टा रिकाच्या राजधानीजवळ सान पेद्रो भागात असाच एक ‘पूर्वीचा उंबर’ आहे. झाड केव्हाच गेले, तरी लोक त्याच्यापासून अंतर मोजतात. तेही मीटरमध्ये, पण हा मीटर फसवा आहे : शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग तो चौक टेपने मोजल्यावर कितीही भरो.

मुंबईकरांनी यावर हसू नये. चर्चगेटला गेट नाही आणि फोर्टला तट नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पाडला गेला. धोबी तलावाला तलाव नाही. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन उभा राहिला. तरीही बावन्न वर्षे, म्हणजे २०१७ मध्ये मूळ जागी स्वाराविना नवा घोडा उभा करीपर्यंत, लोक टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हणूनच सांगत होते आणि टॅक्सीवाले नेमके तिथेच नेत होते. फरक एवढाच की आपल्याकडे या खुणांची विशेषनामे झाली आहेत, तर मानाग्वात ‘होते’ हे क्रियापद अजून पत्त्यात शाबूत आहे. परक्याला अडते ते या ‘होते’पाशी, कारण सांगणाऱ्याने गावाची आठवण गृहीत धरलेली असते आणि ती नेमकी परक्याजवळ नसते.

प्रश्न : खेड्यात ‘इथंच आहे, हाकेच्या अंतरावर’ म्हणतात आणि प्रत्यक्षात तास चालावे लागते. असे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रोज चालणाऱ्या माणसाचे ‘इथंच’ आणि गाडीतून उतरलेल्याचे ‘इथंच’ वेगळे असते, एवढेच. ‘किती लांब’ असे न विचारता ‘आत्ता निघालो तर केव्हा पोहोचू’ असे विचारावे. बरे उत्तर मिळते. जाता जाता, ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थच मुळी आरोळी. तेव्हा कोसभर अंतराला कोणी हाकेचे अंतर म्हटले, तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याची चूक काढता येणार नाही.

प्रश्न : मी भूगोलाची शिक्षिका आहे. उजवे-डावे न वापरता फक्त दिशांवर चालणाऱ्या भाषा खरोखर आहेत का? आणि असल्या तर ती माणसे घरातसुद्धा पूर्व-पश्चिम करतात का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहेत, आणि घरातसुद्धा करतात. सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली भाषा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातली, उत्तर टोकाकडच्या केप यॉर्क द्वीपकल्पातली ‘गुगू यिमिथिर’ ही आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकचे जहाज दुरुस्तीसाठी तिथल्या नदीमुखाशी अडकले होते आणि ‘कांगारू’ हा शब्द इंग्रजीत गेला तो याच लोकांकडून. त्यांच्या भाषेत उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम यांना अनुक्रमे गुंगा, जिबा, नागा, गुवा असे शब्द आहेत. रस्ता सांगताना तर ते येतातच, पण ‘जरा उत्तरेला सरकून बस’, ‘तुझ्या पश्चिमेच्या पायाजवळ मुंगी आहे’ असे बोलणेही या भाषेच्या चालीला धरूनच होते.

याचा पुरावा मोठा मजेशीर आहे. तिथल्या एका वृद्धाने तरुणपणी होडी उलटल्याचा प्रसंग १९८० मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅवीलंड यांना सांगितला आणि त्याचे चित्रीकरण झाले. दोन वर्षांनी त्यानेच तो स्टीफन लेव्हिन्सन यांना सांगितला, तेव्हाही चित्रीकरण झाले. पहिल्या वेळी तो पश्चिमेकडे तोंड करून बसला होता आणि होडी कशी उलटली ते दाखवताना त्याचे हात स्वतःपासून पुढे फिरले. दुसऱ्या वेळी तोंड उत्तरेला होते, तर हात उजवीकडून डावीकडे गेले. दोन्ही वेळा होडी पूर्वेकडून पश्चिमेलाच उलटली! वर्गात दोन मुलांना दोन दिशांना तोंड करून उभे करा आणि हे करून दाखवा. मुलांना पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर समजेल.

यापेक्षा आपल्याला जवळची वाटावी अशी रीत डोंगर-समुद्राची आहे. बालीत ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘केलोड’ म्हणजे समुद्राकडे. डोंगर बेटाच्या मध्यावर असल्यामुळे दक्षिण बालीत काजा उत्तरेला येते, तर उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगाराजात तीच काजा दक्षिणेला होते. शब्द एकच, होकायंत्र उलटे. हवाई बेटांवर ‘माउका’ आणि ‘माकाई’ हे अशाच अर्थाचे शब्द आजही इंग्रजी बोलणारी माणसे वापरतात. होनोलुलूत पाहुण्याला सांगितलेल्या रस्त्यात ते हमखास येतात. तुमच्या जिल्ह्यात एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, आणि वरची वाडी व खालची वाडी हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत, त्यामुळे तुम्हाला याचे अधिक स्पष्टीकरण नको. देशावरही जुनी माणसे ‘गावाच्या खालच्या अंगाला’, ‘उगवतीच्या बाजूला’ असे बोलतात.

आणि आपल्या भाषेने उजवे-डावे व दिशा यांची फारकत तरी कुठे पुरती केली आहे? संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि दक्षिण दिशाही, कारण माणूस उगवतीकडे तोंड करून उभा आहे असे धरलेले असते. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा, आणि ‘दख्खन’ही त्याच शब्दातून आले.

प्रश्न : ठाऊक नसतानाही लोक छातीठोकपणे रस्ता का सांगतात? हा आपल्याच देशाचा दोष म्हणायचा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याच देशाचा नाही, आणि त्याला दोष म्हणायचे की नाही याविषयी माझे मत आपल्याहून थोडे वेगळे आहे. पीटर कोलेट आणि ग्रेगरी ओ’शे या दोन मानसशास्त्रज्ञांनी इराण आणि इंग्लंडमध्ये एक प्रयोग केला होता. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या लोकांना त्यांनी काही खऱ्या आणि काही मुळात नसलेल्या ठिकाणांचा रस्ता विचारला. इराणमध्ये कित्येकांनी नसलेल्या ठिकाणाकडेही बोट दाखवले. इंग्लंडमध्ये हा प्रकार जवळपास आढळला नाही. यावरून इराणी माणूस खोटे बोलतो असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. दारात आलेल्याला विन्मुख पाठवू नये हा संस्कार जिथे खोलवर रुजलेला आहे, तिथे ‘माहीत नाही’ हे उत्तर अडाणीपणाचे नव्हे, तर तुसडेपणाचे वाटते. इंग्लंडमध्ये तेच उत्तर प्रामाणिकपणाचे ठरते. प्रवाशाच्या पायाला त्रास होतो हे कबूल, पण सांगणाऱ्याच्या मनात त्याला चकवण्याचा हेतू नसतो.

शिवाय अर्धा दोष विचारणाऱ्याचा असतो. काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्नरहून नाणेघाटाला निघालो होतो. एका फाट्यावर गाडी थांबवून मी पारावर बसलेल्या आजोबांना विचारले, ‘बाबा, हा रस्ता नाणेघाटाला जातो ना?’ ते म्हणाले, ‘जातो की!’ पाऊण तास गेल्यावर शंका आली. पुढच्या वस्तीवर डोक्यावर कळशी घेतलेल्या एका बाईंना मी या वेळी ‘ताई, नाणेघाटाला कुठून जायचं?’ असे विचारले. त्यांनी कळशी उतरवली, सगळे अंग मावळतीकडे वळवले आणि मागे हात करून म्हणाल्या, ‘इकडं कुठं आलात? फाट्यापाशीच सुटला की रस्ता.’ माझ्या पहिल्या प्रश्नातला ‘ना’ होकार मागत होता आणि आजोबांनी तो दिला. म्हणून उत्तर प्रश्नातच घालून देऊ नये. गावाचे नाव घेऊन ‘कुठून’ असे विचारावे, सांगितलेले एकदा आपल्या तोंडाने म्हणून दाखवावे आणि पुढे थोड्या अंतरावर दुसऱ्या कोणाला पुन्हा विचारावे. उत्तर देण्यापूर्वी जो क्षणभर थांबून मनातल्या मनात रस्ता चालून येतो, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी वर्षभर घानाला जायचे आहे. रस्ता दाखवताना डावा हात वापरू नये असे तिथे राहून आलेल्या सहकाऱ्याने सांगितले. मी डावखुरा आहे. हे इतके कडक आहे का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : सहकाऱ्याचे ऐका. सोतारो किता आणि जेम्स एसेग्बे यांनी घानामध्ये रस्ता सांगणाऱ्यांच्या हातांचाच अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डाव्या हाताने दाखवणे तिथे अनादराचे मानतात, म्हणून अनेक जण बोलताना डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवतात. खरी कसरत होते ती डावीकडचे वळण सांगताना, कारण उजवा हात छातीवरून आडवा नेऊन खांद्यापलीकडे दाखवावे लागते. दोन्ही हात जोडीने पुढे केलेले चालतात, आणि डावखुऱ्या माणसाला तोच मार्ग सर्वांत सोपा. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे आहेत : जावात तर्जनी रोखणे उद्धटपणाचे म्हणून उजव्या हाताचा अंगठा पुढे करतात, आणि लाओसमध्ये हात न उचलता ओठ पुढे काढून दिशा दाखवतात, जे नवख्याला कळतच नाही. घानात मात्र तुम्हाला नवे काही शिकायचे नाही. देवळात तीर्थ घेताना डावा हात पुढे गेला की आजी जशी मनगटावर चापट मारत असे, ती आठवण तेवढी बरोबर न्या.