आफ्रिकन लेखिकांच्या स्त्रीवादी कादंबऱ्या मराठीत आणायच्या तर हक्क लंडनलाच मागावे लागतात का?

नाही. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'तिकडे ललित साहित्याचे प्रकाशक फारसे नाहीत, म्हणून थेट लंडनच्या एजंटला ईमेल टाकणार आहे.' हे वाक्य मराठी प्रकाशन व्यवहारात इतक्यांदा कानावर येतं की उत्तर जरा तापूनच लिहितेय.

प्रकाशक आहेत. नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, २००६ साली सुरू झालेलं कसावा रिपब्लिक आहे, केपटाउनचं मोजाजी बुक्स (२००७) आहे. मोजाजी तर फक्त दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या लेखिकांनाच छापतं, आणि तेही जवळपास एका बाईच्या, कॉलीन हिग्ज यांच्या जिवावर. युगांडात, कंपालात, फेमराइट ही लेखिकांची संघटना नव्वदच्या दशकापासून स्वतः पुस्तकं काढते. रवांडात, किगालीत, हुझा, लागोसमध्ये लोला शोनेयिन यांचं वीडा. यांची नावं आपल्याकडे माहीत नसतात याचं कारण दर्जा नाही, करारातली एक ओळ आहे.

ती ओळ म्हणजे प्रदेश. १९४७ साली ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात ठरवून टाकलं की इंग्रजी पुस्तकाचे हक्क घेताना ब्रिटनबरोबर सगळं जुनं साम्राज्यही घ्यायचं. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी खटला झाला आणि १९७६ मध्ये तो ठराव मोडला, पण 'ब्रिटन आणि राष्ट्रकुल' ही सवय करारांच्या मसुद्यांत राहिली. त्यामुळे लागोसच्या बाईने लागोसवर लिहिलेली कादंबरी लंडनला गेली की लागोसचे हक्कही तिच्याबरोबर गेले. मग तिथल्या वाचकाने पौंडातली किंमत मोजून आयात प्रत घ्यायची. भारतही त्याच यादीत होता, हे सांगायला नकोच.

याचा फटका नायजेरियन कादंबरीकार फ्लोरा न्वापांना बसला. त्यांची 'एफुरू' १९६६ मध्ये लंडनच्या हाइनमनच्या आफ्रिकन रायटर्स सिरीजमध्ये २६ व्या क्रमांकावर आली, 'इडू' १९७० मध्ये. पुस्तकं नायजेरियात नीट पोहोचत नाहीत ही तक्रार होतीच. सत्तरच्या दशकात त्यांनी एनुगूमध्ये स्वतःचं टाना प्रेस काढलं. १९८१ ची 'वन इज इनफ' तिथूनच आली. तिची नायिका आमाका मूल होत नाही म्हणून सासरी होणारा छळ सोडून लागोसला जाते, कंत्राटं घेऊन पैसा करते, एका धर्मगुरूपासून जुळ्यांची आई होते आणि लग्नाला ठाम नकार देते. स्वतःचं छापखान्याचं बिल स्वतः भरणाऱ्या बाईला असला शेवट ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे 'स्वतःच छापलं म्हणजे हौशी' असं नाक मुरडणाऱ्यांना मी न्वापांचं नाव सांगते.

अलीकडची दोन उदाहरणं. युगांडाच्या जेनिफर नन्सुबुगा माकुम्बींची कादंबरी 'किंटू' ब्रिटनमध्ये 'फारच आफ्रिकन' म्हणून नाकारली गेली. नैरोबीच्या क्वानी ट्रस्टच्या हस्तलिखित स्पर्धेत ती २०१३ मध्ये पहिली आली, २०१४ मध्ये नैरोबीत छापली गेली, मग २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रान्झिट बुक्सने घेतली आणि शेवटी, २०१८ मध्ये, ब्रिटनमध्ये पोचली. दुसरं, सारा लाडिपो मन्यिकांनी पंचाहत्तरीच्या नायजेरियन बाईवरची आपली कादंबरी जगभरच्या हक्कांसकट कसावा रिपब्लिकला दिली. २०१६ च्या गोल्डस्मिथ्स पारितोषिकाच्या लघुयादीत ती होती. इथे हक्क अबुजाहून बाहेर विकले जातात, उलट नाही. फरक एवढाच, आणि माझ्या मते सगळा फरक हाच.

अडचणी खऱ्या आहेत, पण त्या साहित्याच्या नाहीत. अनेक देशांत तयार पुस्तक शुल्कमुक्त येतं आणि छपाईचा कागद मात्र शुल्क भरून. म्हणून बरीच छपाई भारतात नाहीतर चीनमध्ये होते, कंटेनर बंदरात अडकतो आणि पुस्तक प्रकाशन समारंभानंतर पोचतं. चलन घसरलं की पुढची आवृत्ती जुन्या किमतीत निघत नाही. दक्षिण आफ्रिकेत पुस्तकावर १५ टक्के व्हॅट आहे. दुकानदार 'विकलं तर पैसे' तत्त्वावर माल ठेवतात आणि महिनोन्‌महिने हिशेब देत नाहीत (ओळखीचं वाटलं ना?). खपलं की चोरटी आवृत्ती ट्रॅफिकमध्ये काचेवर टकटक करते. पाठ्यपुस्तकांच्या उत्पन्नाची गादी खाली नसेल तर ललित छापणारा टिकणं मुश्कील. आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह ही प्रकाशकांनीच १९८५ मध्ये उभी केलेली ऑक्सफर्डची संस्था मागणीनुसार एकेक प्रत छापून परदेशात विकते. भारतातून वाचायला प्रत हवी असेल तर आधी तिथली यादी बघा.

आता तुमचं काम. शीर्षकपानामागचं पान उघडा. कॉपीराइट बहुधा लेखिकेच्या नावावर असतो, त्यावरून काही ठरत नाही. 'प्रथम प्रकाशन' कुठलं ते पाहा आणि त्या प्रकाशकाला विचारा: मराठी अनुवादाचे हक्क तुमच्याकडे, लेखिकेकडे की एजंटकडे? एवढाच प्रश्न, तीन ओळींत. 'आम्हाला आपल्या साहित्याबद्दल अपार प्रेम आहे' छापाचं पानभर पत्र तिथे कोणी वाचत नाही. उत्तर आलं की दुसऱ्या ईमेलमध्ये आकडे द्या: भाषा, छापील की ई-बुकसुद्धा, पहिली आवृत्ती किती प्रतींची, किंमत, मुदत, रॉयल्टी, आगाऊ रक्कम, अनुवादकाचं नाव.

समजा १००० प्रती, किंमत ४०० रुपये, रॉयल्टी छापील किमतीवर ७ टक्के. म्हणजे आवृत्तीची रॉयल्टी २८,००० रुपये. निम्मी, १४,०००, आगाऊ द्यायची तयारी दाखवा. रॉयल्टी छापील किमतीवर की हाती येणाऱ्या रकमेवर, हे करारात स्पष्ट नसेल तर पुढे भांडण ठरलेलं, कारण ४० टक्के कमिशन गेल्यावर तुमच्या हाती प्रतीमागे २४० च येतात. मुदत पाच वर्षं मागा आणि पुस्तक काढायला सहीपासून किमान १८ महिने ठेवा. अनुवाद रखडतोच, आणि तारीख उलटली की हक्क परत जातात, आगाऊ रक्कम बुडते. ऑडिओचे हक्क वेगळे लिहून घ्या. मराठीत ऑडिओ ऐकणारे भरपूर आहेत आणि ते कलम नेमकं राहून जातं. परदेशी पैसे पाठवताना टीडीएस कापावा लागतो. सवलतीचा दर हवा असेल तर समोरच्याचा कर-रहिवासी दाखला लागतो, म्हणून सीएला सहीनंतर नाही, सहीआधी गाठा. आणि २४० पानी इंग्रजी पुस्तक म्हणजे १५ फर्मे (एक फर्मा म्हणजे १६ पानं) असं धरून किंमत काढू नका. देवनागरीत ओळींमधली जागा जास्त लागते, १७-१८ फर्मे होतात.

फ्रेंच पुस्तकांत आणखी एक पेच आहे. सेनेगलच्या मारियामा बांची पहिली कादंबरी डाकारमध्ये १९७९ साली फ्रेंचमध्ये आली, इंग्रजी अनुवाद मोदुपे बोदे-थॉमस यांचा. इंग्रजीवरून मराठी करायचं असेल तर मूळ हक्कांबरोबर इंग्रजी अनुवादाचीही परवानगी लागते. आपल्याकडे ही दुसरी परवानगी सर्रास गाळतात.

इतकं तापून लिहिलं, तरी कधीकधी तुमचं 'लंडनच्या एजंटला ईमेल' बरोबरही ठरेल. नायजेरियाच्या आयोबामी अडेबायोंच्या पहिल्या कादंबरीची नायजेरियन आवृत्ती वीडाची, ब्रिटिश कॅननगेटची. अशा वाटणीत नायजेरियन प्रकाशकाकडे फक्त तिथलेच हक्क असतात आणि मराठीसाठी एजंटच गाठावा लागतो. छोटे प्रकाशक उत्तराला महिना-दोन महिने लावतात, काही बंदही पडतात. मग हक्क लेखिकेकडे परत गेलेत का याचं लेखी उत्तर तिच्याकडूनच घ्या. आणि सगळ्या लेखिका स्वतःला स्त्रीवादी म्हणवत नाहीत. नायजेरियन कादंबरीकार बुची एमेचेटा ते बिरुद हातचं राखूनच वापरायच्या. मलपृष्ठावर शिक्का मारण्याआधी विचारलेलं बरं.

मुखपृष्ठाचे हक्क मजकुराबरोबर येत नाहीत, ते बहुधा चित्रकाराचे असतात. इथल्याच चित्रकाराकडून करून घ्या, मसुदा मूळ प्रकाशकाला दाखवा, आणि लागोसच्या फ्लॅटमधल्या नवरा-बायकोच्या गोष्टीवर 'आफ्रिका' म्हणून ठरलेलं केशरी आभाळ आणि बाभळीचं झाड चिकटवू नका. आतल्या पानावर 'किंटू'सारख्या पुस्तकाला 'प्रथम प्रकाशन: क्वानी ट्रस्ट, नैरोबी, २०१४' असं छापा. तुमचा संपादक तिथे ब्रिटिश आवृत्तीचं नाव टाकायचा आग्रह धरेल, कारण ते 'वजनदार दिसतं'. धरू दे.