बायोमेडिकल घेण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बायोमेडिकल इंजिनीअरिंग घ्यायची तू तीन कारणं लिहिलीस: नीटला गुण कमी पडले, गणित आवडतं, आणि निदान दवाखान्याच्या आसपास राहता येईल.

पहिल्या कारणासाठी या शाखेला येऊ नकोस. रुग्णाला तपासावं, औषध द्यावं ही ओढ खरी असेल, तर आणखी एक वर्ष नीटला दे; घरच्यांशी मी बोलते. इथे चार वर्षं सर्किट, सिग्नल, फूरियेचं गणित आणि सोबत शरीरशास्त्र असतं. मन डॉक्टरकीत अडकलेलं असेल, तर दुसऱ्याच वर्षी जीव मेटाकुटीला येतो.

गणिताचं कारण मात्र मला आवडलं. इंदूरच्या रामबागेत आजीकडे कोविडच्या वेळी घेतलेला, रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर असेल, तो बोटाला लावून बघ. बोटातून दोन प्रकाश जातात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू असलेलं रक्त अवरक्त जास्त शोषतं, प्राणवायू सोडलेलं रक्त लाल जास्त शोषतं. पण हाड, मांस, कातडी, शिरांतलं रक्त, सगळंच प्रकाश अडवतं. मग धमनीतल्या रक्ताचं माप वेगळं कसं काढायचं? जपानचे अभियंते ताकुओ आओयागी रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते मोजू पाहत होते, आणि नाडीच्या ठोक्यांनी त्यांचा आलेख सारखा हलत होता. ते हलणं काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की हलतंय ते धमनीतलंच रक्त. तेवढाच भाग धरायचा, स्थिर भाग सोडून द्यायचा. ही गोष्ट १९७४च्या सुमाराची. आजही मला ती कुणाला सांगताना उत्साह येतो.

आता नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात चल. कावीळ झालेलं बाळ निळ्या दिव्याखाली, तळपायाला ऑक्सिमीटरचा प्रोब गुंडाळलेला. बाळाने पाय झाडला की आकडा घसरतो आणि अलार्म वाजतो. दिव्याचा उजेड प्रोबमध्ये शिरला तरी आकडा बिघडतो, म्हणून सिस्टर वरून कापड टाकतात. आकडा उतरला तो बाळाचा प्राणवायू खरंच घटल्यामुळे, पाय झाडल्यामुळे, की दिव्यामुळे? हा प्रश्न तुला स्वस्थ बसू देत नसेल, तर तू आमच्यातली आहेस.

आणि काम संपलेलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की रक्तातला प्राणवायू घटलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, आणि हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडतं. माळव्यातल्या, निमाडातल्या सावळ्या कातडीवर आपली यंत्रं किती खरं बोलतात, हे इथल्याच मुलांनी तपासायला हवं. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. वल्यथन यांच्या चमूने हृदयाची झडप अशाच हट्टाने घडवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. बाहेरून येणारी झडप आपल्या रुग्णांना परवडत नव्हती, एवढं कारण त्यांना पुरलं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. संगणक शाखेइतक्या कंपन्या कॉलेजात येत नाहीत. बरीच मुलं उपकरणांच्या विक्रीत, देखभालीत किंवा शेवटी आयटीतच जातात. देखभालीचं काम मी कमी लेखत नाही. बंद पडलेला व्हेंटिलेटर वेळेत सुरू करणं ही रुग्णाची सेवाच आहे. संशोधनात जायचं असेल, तर एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, आणि आयआयटी इंदूरचा या विषयाचा विभाग सिमरोलला, घरापासून फार लांब नाही.

काउन्सेलिंगचे पर्याय भरण्याआधी इंदूरच्या एसजीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजात जा आणि बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गाठ. पॅकेज नंतर विचार, आधी त्यांच्या प्रयोगाच्या वह्या मागून घे. त्या वाचून काय वाटलं ते मला सविस्तर लिही. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी