इंदूरला छोटा हाथी (टाटा एस, मालवाहू टेम्पो) घेतला आहे. रिकामा असताना मागून फार उडतो. मेकॅनिक म्हणतो, मागच्या कमानीतला (स्प्रिंगमधला) एक पाटा काढू. काढू द्यावा का?

काढू देऊ नका, पाटे आहेत तेवढेच राहू द्या. मागची कमान भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बसवलेली असते, त्यामुळे रिकामी गाडी उडणारच. चोइथराम मंडीतून बटाट्याची पोती भरून निघालात की तीच गाडी शहाण्यासारखी चालेल. माझीही गाडी याच मालावर चालते. पाटा कमी केला की भरल्या गाडीचं बूड टेकतं आणि उरलेल्या पाट्यांवर ताण येऊन ते तुटतात. शिवाय काही मॉडेलांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह ॲक्सलला जोडलेला असतो, त्याचं गणितही बिघडतं. आधी मागच्या टायरची हवा बघा. रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी वेगळे आकडे मॅन्युअलमध्ये दिले असतील तर तसेच पाळा. हवावाले बहुधा न विचारता चारही टायर टाईट करून देतात. मात्र भरलेली गाडीही उडत असेल किंवा एका बाजूला कलत असेल, तर शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि यू-बोल्ट तपासून घ्या. पावसात रिकाम्या गाडीचा ब्रेक जरा आधीच दाबा, मागची चाकं पटकन घसरतात.