आधी हात बघ, फिल्म नंतर लाव

डॉक्टरीणबाई,

तुझा मेसेज रात्री दीडला आला, मी जागाच होतो पण मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण रात्री दीडला लिहिलेल्या मेसेजला रात्री दीडलाच उत्तर दिलं की दोघंही रडतात. आता सकाळ आहे, चहा झालाय, तर नीट लिहितो.

तू म्हणतेस ओपीडीत तू स्लो आहेस, एका पेशंटला पंचवीस मिनिटं लागतात, सीनियर ओरडतो "एमआरआय बघ आणि पुढे चल", आणि आता तुला वाटायला लागलंय की न्यूरोसर्जरी सोडून रेडिओलॉजी केलेली बरी. आणि त्याच मेसेजच्या शेपटाला सहज चिकटवल्यासारखी त्या मावशींची केस. दुखतं डाव्या गालात, रिपोर्टमधे व्हॅस्क्युलर लूप, म्हणजे नसेला टेकलेलं रक्तवाहिनीचं वळण, उजवीकडे, आणि सीनियर म्हणतो जुळत नाही, परत पाठव. अगं, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नातच आहे!

तूच लिहिलंयस की पदर गालाला लागला तरी करंट बसतो, एसटीत खिडकीशी बसत नाहीत, दात घासायचे सोडलेत, त्या बाजूने भाकरी चावत नाहीत, कळ काही सेकंदांची असते आणि मधल्या वेळात काहीच नसतं. डावीकडच्या तीन दाढा काढून झाल्या तरी दुखणं तिथंच. (दातवाल्याला शिव्या देऊ नकोस, ती कळ दाढेच्या मुळातूनच आल्यासारखी वाटते, पेशंट स्वतःच हट्ट धरतात काढा म्हणून.) मग आता ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या नसेची ती कळ, आणखी कसा असतो? निदान त्या मावशींनी स्वतःच्या तोंडाने केलंय. नसेला रक्तवाहिनी टेकलेली ज्यांना काडीचा त्रास नाही अशा लोकांच्या एमआरआयमधेही दिसते, आणि कधी कधी फिल्मवर दिसत नाही ती ऑपरेशनमधे सापडते. एमआरआय हवाच, नाही म्हणत नाही, गाठ नाही ना आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस (नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) नाही ना हे बघायला हवा. पण कुठली बाजू ते मावशी सांगणार, मशीन नाही. त्या आधी बोलू देत, फिल्म नंतर.

कार्बामाझेपिनची गोळी कमी डोसने सुरू कर, हळूहळू वाढव, रक्तातलं सोडियम बघ, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी बंद. गोळीने आराम पडला तर निदानाला आणखी एक टेकू मिळाला. गोळी पुरेना किंवा झेपेना झाली की मग कानामागून आत जाऊन ती धमनी, बहुतेक वेळा सुपीरियर सेरेबेलर, नसेवरून उचलायची आणि मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. ऐकू येणं जाऊ शकतं हे आधी सांगायचं, सही घेताना घाईघाईत नाही. डँडी या अमेरिकन न्यूरोसर्जनला ती धमनी १९३० च्या दशकातच दिसली होती, पण जॅनेटा या दुसऱ्या अमेरिकन सर्जनने १९६० च्या दशकात हे ऑपरेशन लावून धरलं तेव्हा मोठमोठ्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. म्हणजे बघ, सीनियर ओरडण्याची परंपरा जुनी आहे.

आता माझं सांगतो, हे मी कुणाला फारसं सांगत नाही. प्रॅक्टिस सुरू करून चारेक वर्षं झाली होती. एक बाई आल्या, उजव्या हाताला मुंग्या, रात्री जाग येते. मानेचा एमआरआय आधीच काढून आणलेला, पाचव्या-सहाव्या मणक्यात डिस्क चांगली बाहेर आलेली. मी फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली आणि खूश झालो. बाई मागे काहीतरी बोलत होत्या, रात्री असं करावं लागतं म्हणत हात झटकून दाखवत होत्या, आणि मी पाठमोरा. मानेचं ऑपरेशन केलं, छान झालं, पोस्ट-ऑप फिल्म कॉन्फरन्सला दाखवावी अशी. तीन महिन्यांनी बाई परत. "डॉक्टर, मान बरी आहे हो, मुंग्या तेवढ्या तशाच."

तेव्हा पहिल्यांदा विचारलं की काम काय करता. खानावळीत दिवसाला दोनशे भाकऱ्या थापत होत्या.

कार्पल टनेल, म्हणजे मनगटात दबलेली नस. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, रात्री जाग, हात झटकला की बरं वाटतं, पहिल्या वर्षाच्या पोराला सांगता येईल. नर्व्ह कंडक्शन (नसेची तपासणी) केलं, मनगटाशी लोकल भूल देऊन नसेवरचं लिगामेंट कापलं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. बाई त्या रात्री झोपल्या. तक्रार तर नाहीच, उलट टाके काढायला आल्या तेव्हा शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या, आणि ती चटणी माझ्या घशाखाली उतरेना.

त्यानंतर मी हटून बसलो. पेशंट बोलून झाल्याशिवाय फिल्म पाकिटातून काढायची नाही. १९९४ चा तो पेपर माहीत असेलच तुला, कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले तर सगळ्या डिस्क नॉर्मल असलेले फक्त ३६ टक्के निघाले! म्हणजे फिल्मवर काहीतरी सापडणारच, आणि सापडलं की आपला हात शिवशिवतो, माझाही शिवशिवतो अजून.

याची किंमत मोजली, खोटं कशाला बोलू. ज्या हॉस्पिटलात होतो तिथे महिन्याच्या मीटिंगमधे ऑपरेशनचे आकडे वाचून दाखवायचे, माझं नाव कायम खाली. सोडलं ते. बरोबरच्यांची स्वतःची हॉस्पिटलं आहेत, माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि बाहेर वैतागलेली माणसं. बायको म्हणते तुम्ही ऐकण्याचे वेगळे पैसे लावा. कधी कधी मलाच वाटतं की हे तत्त्व वगैरे काही नाही, त्या एका मानेची लाज आहे आणि मी तिला तत्त्व म्हणतोय. असेना का. त्यामुळे उगाच कापलेल्या माना कमी झाल्या एवढं नक्की.

आणि हो, ऐकणं म्हणजे गप्पा हाकणं नाही, इथे तू चुकतेस. पंचवीस मिनिटांतली दहा तू धीर देण्यात घालवतेस, मी पाहिलंय. नेमकं विचार. कंबरेचा पेशंट आला की लघवी होते का आणि बसायची जागा बधिर आहे का हे विचारायचंच, लाजेने कोणी आपणहून सांगत नाही, आणि कॉडा इक्वायना (कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा) दबला असेल तर मग गप्पा बंद, तातडीने एमआरआय आणि थेट थिएटर. म्हातारे आजोबा विसरायला लागलेत, पाय ओढतात, तर मुलाला नको, आजींना विचार महिना-दोन महिन्यांत डोकं कुठे आपटलं होतं का. मुलगा म्हणेल वय झालं. आजी सांगतील गोठ्याच्या चौकटीला लागलं होतं. मग सीटी, कवटीला दोन बर होल म्हणजे छोटी भोकं, मेंदूवर साचलेलं इंजिन ऑइलसारखं रक्त बाहेर, आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी आजोबा चहा मागतात. ड्रेन, उरलेलं रक्त वाहून जायची नळी, विसरू नकोस, २००९ च्या केंब्रिजच्या ट्रायलमधे ड्रेन ठेवल्यावर परत रक्त साठून ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण २४ वरून ९ टक्क्यांवर आलं होतं. पण चौकटीबद्दल विचारलंच नाही तर कसलं सीटी आणि कसला ड्रेन?

रेडिओलॉजीला जायचं असेल तर खुशाल जा, चांगलं काम आहे, तिथेही रिक्विझिशनवर, म्हणजे तपासणीच्या चिठ्ठीवर, कोणी नीट हिस्टरी लिहीत नाही म्हणून तू चिडशीलच.

मावशींना परत पाठवू नकोस. उद्या बोलव, बोट न लावता त्यांनाच म्हण कुठे शिवलं की करंट येतो ते दाखवा. बहुतेक बोट गालाच्या जवळ नेतील आणि टेकवणार नाहीत. ते बघ आणि मला फोन कर, नऊनंतर, त्याआधी माझी ओपीडी संपत नाही.

सर