‘बेन, तमने वाग्युं?’

प्रश्न: ताई, मी वडोदऱ्यातील एका मानसोपचार रुग्णालयात चार वर्षे परिचारिका आहे. दीड महिन्यापूर्वी नाइट ड्युटीत औषधे देताना एका बाईने माझ्या तोंडावर जोरात मारले. रोज सकाळी तिची वेणी मीच घालत असे. मेट्रन म्हणाल्या, “इथे हे चालायचेच.” शांत झाल्यावर त्या बाईने विचारले, “बेन, तमने वाग्युं?”, म्हणजे तुम्हाला लागले का, आणि मी उत्तर न देता तोंड फिरवले. आता ती घरी गेली आहे, तपासणीला येते. मी मात्र घरात भांडे पडले तरी दचकते, झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, साध्या वॉर्डात बदली माग. मन घट्ट कसे करावे?
– एक सिस्टर, दांडियाबाजार

उत्तर: सिस्टर, मार लागल्याचे तुम्ही एका वाक्यात सांगितलेत, पण बोच आहे ती तोंड फिरवल्याची, असे मला पत्र वाचताना वाटले. तुमची भीती मी अशी समजते: आपल्यातली माया आटली की काय? कामाच्या ताणाने माणूस पिचतो, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तीन गोष्टी दिसतात: शक्ती संपल्यासारखी वाटते, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागते. एका सकाळी ओठ सुजलेला असताना उत्तर न सुचणे म्हणजे अलिप्तता नव्हे. सगळ्याच रुग्णांविषयी महिनोन्‌महिने असे वाटू लागले, तर ती गोष्ट वेगळी.

मन घट्ट करण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. मी २८ वर्षे परिचारिका होते आणि आमच्या पिढीत न्हाणीघरात रडून, तोंड धुऊन, टोपी सारखी करून पुन्हा राउंडला जाणे यालाच खंबीरपणा म्हणत. त्या खंबीरपणापायी माझ्या बरोबरीच्या दोघी चांगल्या सिस्टर नोकरी सोडून गेल्या, याचे मला आजही वाईट वाटते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात हाताशी उपकरणे असतात, तुमच्या वॉर्डात तुमचा आवाज, तुमचा चेहरा आणि तुमचा धीर हीच उपकरणे आहेत. तीच घट्ट, बधिर करून टाकली तर वेणी घालून घ्यायला तुमच्यासमोर निर्धास्त बसणारी ती बाई पुन्हा कशी बसेल? म्हणून मी तुम्हाला घट्ट होण्याऐवजी सावरण्याविषयी लिहिते, आणि सावरणे एकटीच्या बळावर होत नाही.

मेट्रनबाईंचे उत्तर मला मान्य नाही. अशा प्रसंगानंतर त्याच पाळीत, चहाचा कप हातात घेऊन का होईना, दहा-पंधरा मिनिटे बसून काय घडले ते क्रमाने पाहायला हवे होते: ती बाई आदल्या संध्याकाळपासून येरझारा घालत होती का, तिने जेवण परत पाठवले होते का, पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये ते सांगितले गेले का, तुम्ही एकट्याच ट्रॉली घेऊन का गेलात. कोणालाही बळेच मन मोकळे करायला लावू नये, त्याने फायदा होत नाही, पण घटना लेखी नोंदवली पाहिजे. अजूनही नोंदवा. रात्री दुसरी सिस्टर हवी, हे मागताना संकोच करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधून ठेवता येत नाही, एकटे कोंडून तर कधीच ठेवता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे, मात्र त्या नियमाचा भार एकट्या सिस्टरच्या अंगावर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. पाळ्यांचेही बोला: सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोसतो.

आता तुमच्या दचकण्याविषयी. महिना उलटूनही झोप आणि दचकणे सुधारत नसेल, तर ते आपोआप जाईल म्हणून वाट पाहू नये. आपल्या रुग्णालयाबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, म्हणजे सहकाऱ्यांसमोर रुग्ण होण्याचा अवघडपणा राहणार नाही. मधल्या काळात १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि इतरांना हा क्रमांक देणाऱ्या सिस्टरने स्वतः तो फिरवण्यात काहीही कमीपणा नाही.

सासूबाईंना तुमची काळजी वाटते, एवढेच त्यांच्या बोलण्यातून घ्या. बदली हा पळपुटेपणा नाही, पण झोप परत आल्याशिवाय तो निर्णय घेऊ नका. त्यांना सगळा प्रसंग सांगितला आहे का? नसेल तर रुग्णाचे नाव-गाव वगळून सांगा. सून कामावर काय करते हे घरात कळले, की नाइटनंतरच्या दुपारी दाराची बेल कोणी वाजवू नये याची व्यवस्था त्या स्वतःच करतील.

ती बाई पुढच्या वेळी तपासणीला येईल तेव्हा, मनाची तयारी असेल तर, ओपीडीच्या बाकावर तिच्याशेजारी दोन मिनिटे बसा, सोबत एखादी सहकारी असू द्या. तिने विचारले होते त्याचे उत्तर तिच्याच भाषेत द्या: “हा बेन, वाग्युं हतुं. हवे सारुं छे.”, म्हणजे हो, लागले होते, आता बरे आहे. तेवढे सारुं अजून झाले नसेल, तर पहिलेच वाक्य पुरे आहे.