तेरा स्थळे आणि एक रिकामा रकाना

या वेळच्या पत्रासोबत एक तक्ताही आला आहे. पत्र लिहिणारी भगिनी मूळची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली असून अकरा वर्षांपासून जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहते. तिचे आई-वडील मे महिन्यात तिच्याकडे येत आहेत आणि घरातल्या सहाही जणांनी चार दिवस ॲमस्टरडॅमला जाऊन यायचे ठरवले आहे. तक्त्यात तेरा स्थळे आहेत, प्रत्येकासमोर वेळ आहे, ट्रामचा क्रमांक आहे. 'जेवण' या रकान्यात मात्र चारही दिवस एकच शब्द आहे : 'रूमवर'.

ती लिहिते, "आई माळकरी आहे. पप्पांना बुधवारी आणि रविवारी मटण लागते आणि तिखटाशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मुलांना आपल्या जेवणाचा कंटाळा आला आहे. एकाचे जमवावे तर दुसऱ्याचे बिनसते. म्हणून मी लहान राइस कुकर, मेतकूट आणि भाजणी बरोबर नेणार आहे. दिवसभर बिस्किटे आणि फळे, रात्री खोलीवर खिचडी, म्हणजे वादच नको. एवढा खर्च करून जायचे तर निदान सगळे पाहून तरी यावे. बाहेर जेवायला बसले की दीड-दोन तास तिथेच जातात. माझे काही चुकते आहे का?"

भगिनी, तुमची कोंडी मला समजते, कारण मी सतरा वर्षे नेदरलँड्समध्ये हेग येथे संसार केला आणि असेच तक्ते मीही केले. आई-वडील वारंवार येऊ शकत नाहीत, पुढच्या वेळी त्यांचे गुडघे साथ देतील की नाही याची खात्री नसते, आणि त्यामुळे या एकाच खेपेत त्यांना सारे जग दाखवावे असे आपल्याला वाटू लागते. त्या वाटण्यामागची माया खरी आहे. तरीही स्पष्ट सांगते, हा तक्ता चुकला आहे, आणि तो नेमका जेवणाच्या रकान्यात चुकला आहे.

तुमच्या माहेरी पुण्या-मुंबईचा पाहुणा आला तर तुमची आई काय करते, ते आठवा. अंबाबाईचे दर्शन होते, भवानी मंडप होतो, संध्याकाळी रंकाळा होतो. पण तांबडा-पांढरा पुढ्यात आल्याशिवाय किंवा शाकाहारी असला तर मिसळ खाल्ल्याशिवाय त्या पाहुण्याला कोल्हापूर सोडू दिले जात नाही. एखाद्याने पन्हाळा पाहिला, जोतिबा पाहिला आणि तिन्ही त्रिकाळ लॉजवर पाकिटातल्या शेवया उकळून खाल्ल्या, तर त्याने कोल्हापूर पाहिले असे तुम्ही म्हणाल का? मग ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या आपल्याच माणसांसाठी वेगळा न्याय का लावता?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. माझे सासरे, आमचे अण्णा, शाहूपुरीत गुळाचा व्यापार करीत. ते आणि सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना एका दिवसात ॲमस्टरडॅमची पाच ठिकाणे दाखवायला नेले. पिशवीत गुंडाळलेल्या पोळ्या होत्या, पण बसून खायला जागा सापडेना आणि पुढच्या तिकिटाची वेळ होत आली होती. दुपारी दीड वाजता आम्ही राइक्सम्युझियम या कलासंग्रहालयात रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या 'नाइट वॉच' या चित्रासमोर पोहोचलो. चित्र अख्खी भिंत व्यापणारे. अण्णा समोरच्या बाकावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना उठवून चित्र दाखवू लागले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पोरी, आधी काहीतरी गरम मिळेल का बघ." त्या वेळी त्यांचे वय बहात्तर होते आणि सकाळी सातपासून त्यांनी चहाशिवाय गरम काही घेतलेले नव्हते. ती चूक सर्वस्वी माझी होती आणि आजही मला ती बोचते.

म्हणून माझा आग्रह आहे, आणि या स्तंभाच्या नेहमीच्या वाचकांना तो नवा नाही : सहलीच्या प्रत्येक दिवशी आधी दुपारचे जेवण ठरवा, ते टेबलाशी बसून, गरम आणि सर्वांनी एकत्र घ्यायचे, आणि मग त्या जेवणाच्या अलीकडे एक व पलीकडे एक, अशी दोनच स्थळे ठेवा. आपले वडीलधारे आयुष्यभर एक वाजता जेवलेले असतात. तो वेळ टळला की त्यांचे पाय आणि मन दोन्ही थकतात, त्यानंतर त्यांना काहीही दाखवले तरी ते फक्त तुमच्या समाधानासाठी मान हलवतात. मुलांचेही तेच होते. मुले फक्त ते चिडचिडीतून सांगतात.

नेदरलँड्समध्ये यात एक अडचण आहे, ती आधी माहीत असलेली बरी. डच माणूस दुपारी बहुधा थंडच खातो : पाव, चीज, वर ताक किंवा दूध. गरम जेवण संध्याकाळी सहाच्या सुमारास होते. त्यामुळे दुपारी गरम आणि चवीचे जेवण हवे असेल, तर बाहेरून येऊन त्या देशात वसलेल्या लोकांच्या खाणावळी गाठाव्या लागतात. माझ्या मते तिथेच ॲमस्टरडॅमचे खरे दर्शन घडते.

पहिल्या दिवसाचे मी ठरवून देते. सकाळी नऊ वाजता राइक्सम्युझियम उघडते, तेव्हाच आत जा. अठरा वर्षांखालील मुलांना तिथे तिकीट पडत नाही. दोन तासांच्या वर थांबू नका. तिथून दहा-पंधरा मिनिटे चालले की आल्बर्ट काउपचा रस्त्यावरचा बाजार लागतो. तो रविवारी बंद असतो, एवढे ध्यानात ठेवा. त्या भागात सुरिनामी लोकांच्या रोटीच्या खाणावळी आहेत आणि तुमच्या आई-पप्पांना प्रथम तिथेच न्यावे, असे मी आग्रहाने सांगते.

सुरिनाम हा दक्षिण अमेरिकेतला देश डचांच्या ताब्यात होता. तिथल्या मळ्यांवर काम करण्यासाठी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे 'लल्ला रूख' हे पहिले जहाज कोलकात्याहून निघून ५ जून १८७३ रोजी सुरिनामची राजधानी पारामारिबो येथे पोहोचले. त्यातले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते. सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज नेदरलँड्सला आले, आणि आमच्या हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. आपण सगळेच घर सोडून आलेले आहोत. पण हे लोक दोनदा घर सोडून आले आणि दोन्ही वेळा त्यांनी रोटी बरोबर आणली.

ही रोटी तुमच्या आईला हातात घेऊन पाहू द्या. डाळ शिजवून, जिरे घालून, वाटून ती पोळीच्या आत भरलेली असते. म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच. माझ्या सासूबाईंनी हेगमधल्या खाणावळीत ती उलटून पाहिली, कडेपर्यंत पुरण पोहोचले आहे का ते बोटाने दाबून पाहिले, आणि मग शेजारची भाजी चाखली. त्या लांबलचक शेंगा आपल्या चवळीच्याच जातीच्या होत्या. गल्ल्यावरची बाई त्यांच्याकडे पाहत होती. तिने डच भाषेत माझ्याशी बोलता बोलता मध्येच सासूबाईंना 'आजी' म्हटले. त्या लोकांच्या सरनामी बोलीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. सासूबाईंना डच येत नव्हते आणि त्या बाईला मराठी येत नव्हते, तरी दोघी हाताच्या खुणांनी पीठ कसे मळायचे यावर वीस मिनिटे बोलत होत्या. तेवढ्या वेळात आमचे एक चर्च पाहायचे राहिले. त्या चर्चचे नावही आज घरात कोणाला आठवत नाही, आणि ती बाई मात्र सासूबाईंच्या बोलण्यात शेवटपर्यंत येत राहिली.

पप्पांच्या तिखटाची काळजी करू नका. तिथे 'मॅडम जॅनेट' नावाची पिवळी मिरची मिळते, तिचा ठेचा वेगळा मागता येतो. लवंगीवर वाढलेल्या माणसालाही तो बेताने घ्यावा लागतो, हे त्यांना आधी सांगा. माळकरी आईसाठी मात्र नीट विचारून घ्या, कारण भाज्यांच्या रोटीवरही तिथे बहुधा उकडलेले अंडे ठेवतात. 'झोंडर एय', म्हणजे 'अंड्याशिवाय', एवढे दोन शब्द पाठ करा. इंडोनेशियन जेवणात यापेक्षा अधिक जपावे लागते, कारण त्यांच्या 'सांबाल' या ठेच्यात अनेकदा सुकवलेल्या कोळंबीचे वाटण असते. विचारले की खाणावळवाले प्रामाणिकपणे सांगतात. न विचारता ताट पुढे करणे हा माळेचा अवमान होईल.

इंडोनेशियन जेवणासाठी दुसरा दिवस ठेवा. त्या दिवशी सकाळी सागरी संग्रहालयात जा. तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाण्यात उभी आहे आणि तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला तिच्यावर चढता येईल. ही कंपनी १६०२ साली स्थापन झाली ती मसाल्यांसाठीच. लवंग आणि जायफळ ती आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवरून आणत असे, आणि तिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. पप्पांनी नातवाला हे त्या जहाजावर उभे राहून सांगावे. त्यानंतर 'राइस्टाफल'ला बसा : मध्ये भात आणि भोवती लहान लहान वाट्यांत दहा-पंधरा पदार्थ. आपल्या ताटाची सवय असलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. भाज्यांवर दाण्याच्या कुटाचा दाट रस घातलेले 'गाडो-गाडो' पाहून तुमची आई नक्कीच विचारील की यात चिंच आहे का.

"पप्पा म्हणतात, आम्हाला आपलेच जेवण बरे," असे तुम्ही लिहिता. त्यांना आदराने एवढेच आठवण करून द्या, की तांबड्या रश्शातली मिरची मुळात अमेरिका खंडातली आहे आणि ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज आहे आणि मिसळीबरोबरचा पावही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते चाखून पाहिले, म्हणून ते आपले झाले. शिवाय हे पप्पा खरेच म्हणाले, की त्यांच्या वतीने तुम्हीच ठरवले? पत्रात तुम्ही त्यांना विचारल्याचे कुठेही लिहिलेले नाही. आम्हीही अण्णांना कधी विचारले नव्हते. दुसऱ्या खेपेला आल्बर्ट काउपच्या बाजारात त्यांनी आपण होऊन गरम स्ट्रोपवाफल मागितले. लोखंडी साच्यात भाजलेली पातळ चकती मधोमध चिरून आत पाक भरतात, तो पदार्थ. पहिल्या घासालाच ते थांबले, पाक जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "काकवीच्या जवळ आलाय, पण ऊस नाही हा." मग त्यांनी मला त्या विक्रेत्याला पाकाबद्दल चार प्रश्न विचारायला लावले. पहिल्या खेपेला बाकावर डोळे मिटून बसलेले तेच अण्णा होते. (चकतीच्या पिठात अंडे असते, तेव्हा आईला देऊ नका.)

त्याच दिवशी सकाळी आम्ही पुन्हा राइक्सम्युझियमला गेलो होतो, या वेळी पोटभर न्याहारी करून आणि फक्त चार दालने पाहायची असे ठरवून. तिथे व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या बाईचे चित्र आहे, हात-दीड हाताचेही नाही. टेबलावर पावाचे तुकडे, निळे कापड आणि भांड्यातून पडणारी दुधाची बारीक धार. सासूबाई त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शिळा पाव भिजत घालते आहे ती. धार बारीक धरली नाही तर लगदा होईल." जाणकारही त्या चित्राबद्दल हेच सांगतात, की ती बाई शिळ्या पावाची खीर करते आहे. सासूबाईंनी ते कुठे वाचलेले नव्हते. त्यांना ते दिसले, कारण त्या दिवशी त्या दमलेल्या नव्हत्या आणि उपाशीही नव्हत्या.

बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात उत्तर देते. नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात आणि लवकर संपतात. तिथले जिने उभे आहेत, म्हणून तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही एकट्या जा आणि तोवर बाकीच्यांना कालव्यातल्या होडीत बसवा. विम्याचे म्हणाल, तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पप्पा प्रत्येक किमतीचे रुपये करतात म्हणून तुम्ही वैतागता. करू द्या त्यांना. मुले आजी-आजोबांशी जर्मन बोलतात, हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर पुढे सविस्तर लिहीन.

राइस कुकर घरीच ठेवा. हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करायला बहुधा मनाई असते, आणि दिवसभर चालून आलेल्या बाईने रात्री खिचडी का शिजवावी? कोल्हापूरहून काय मागवू, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. आई तूप आणि अंबाबाईचे पेढे आणायचे म्हणत असेल, तर तिला आजच कळवा की बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत आणि विमानतळावर ते काढून घेतले जातात. कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी आणू द्या. त्यातली चटणीची लहान डबी ॲमस्टरडॅमला पर्समध्ये ठेवा. एखाद्या दुपारी कोणाला काहीच रुचले नाही, तर पावाबरोबर ती पुरते.